कोरडी परात

"खरवडू नको गं," आत्याबाई म्हणाल्या. "पाणी घालून ठेव बाजूला. करपलेलं जोर लावून निघत नाय. भिजलं की आपल्या आपण सुटतं. क्षमेचं तसंच हाये."

मी मागच्या दारी दगडावर बसून दुधाचं पातेलं घासत होते. सकाळी माझं लक्ष नव्हतं आणि दूध तळाला लागून काळं झालं होतं. त्यांचं वाक्य पुरं झालं तशी मी हातातली करवंटी आणखी जोरात चालवली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, हन्नाबाई ओहोळ. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. तरुणपणी त्या मिशनच्या बायकांबरोबर वाड्यावस्त्यांवर जाऊन शुभवर्तमान सांगायच्या. पायांनी साथ सोडली तशी ती सवय घरात शिरली, आणि मग आमच्या घरात पातेलं नुसतं पातेलं राहिलं नाही. कंदिलाची काच पुसताना त्या सांगायच्या, काजळी आतल्या अंगाला असते, बाहेरून कितीही पुसा. तांदूळ निवडताना सांगायच्या, खडा आत्ताच वेचावा, दाताखाली यायची वाट बघू नये. गोधडीला टाके घालताना, दळण चाळताना, केर काढताना, जिथे तिथे क्षमा. भगिनीमंडळातल्या बायका हे ऐकायला मुद्दाम आमच्याकडे यायच्या आणि डोळे पुसत घरी जायच्या. मी ऐकून ऐकून विटले होते. जिचा नवरा गेलाय तिच्या ताटात कुणी रोज उठून क्षमाच वाढली, तर घास घशाखाली उतरत नाही.

त्या दिवशी आमच्या फळीवर चर्चच्या मंडळीची परात होती. सोनवडचं आमचं चर्च लहान, विश्वासणाऱ्यांची घरं थोडी. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, आणि त्यासाठी लागणारी बिनखमिराची पोळी बायकाच घरी करायच्या. एक पितळी परात पांढऱ्या फडक्यात झाकून घरोघर फिरायची. ती ज्या घरी येईल त्या घरच्या बाईने तिच्यात कणीक मळायची. नियम एकच, तोही कुणी लिहून ठेवलेला नव्हता. मनात कुणाबद्दल अढी असेल तर परातीला पीठ लावायचं नाही, फडक्यासकट शेजारच्या घरी नेऊन द्यायची. कुणी कारण विचारत नसे. विचारायची गरजही नव्हती, कारण कोरडी परात कुणाच्या दारातून निघाली हे दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला कळलेलं असायचं.

पाळक शिरसाठ त्या सकाळी पुढच्या दाराने न येता बोळातून थेट मागे आले, तेव्हाच मला शंका आली. आधी ते चर्चच्या गळक्या पत्र्यांबद्दल बोलले. मग माझ्या बालवाडीतल्या मुलांची चौकशी केली, मग आत्याबाईंच्या गुडघ्यांची. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेवटी एकदाचे माझ्याकडे बघून म्हणाले, "सुवार्ताबाई, नाथा आलाय."

माझ्या हातातली करवंटी थांबली.

नाथा, म्हणजे नाथानिएल, माझा धाकटा दीर. तो गावातून गेला त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. कुठल्याशा साखर कारखान्यावर मजुरी करतो आणि मिळेल ते पितो, एवढंच कानावर यायचं. आता पिऊन पिऊन काळीज सडलं होतं आणि सरकारी दवाखान्याने हात टेकले होते. कुणीतरी टेम्पोत घालून आणून सोडलं. पाळकसाहेबांनी त्याला मिशनच्या बंद पडलेल्या शाळेतल्या एका खोलीत ठेवलं होतं.

"फार दिवस नाहीत त्याचे," ते म्हणाले. "घरी मरायचंय म्हणतो. हन्नाबाईंचं मन तर सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. प्रश्न तुमचा आहे."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होत्या. पोटचा पोरगा मरायला टेकलाय हे ऐकूनही त्यांची बोटं थांबली नव्हती.

"सूनबाई ठरवील," एवढं म्हणून त्या सूप उचलून आत गेल्या.

मला दोघांचाही राग आला. थोरपणा त्यांनी घ्यायचा आणि निर्णय तेवढा माझ्या पदरात टाकायचा. मी पाळकसाहेबांना म्हटलं, विचार करते. ते गेल्यावर मी पातेल्यात पाणी ओतलं आणि ते तसंच बाजूला सारलं. घासायची ताकदच राहिली नव्हती.

काय झालं होतं ते सांगायला हवं. आमच्याकडे तेव्हा शेतातली लाइट कधी येईल याचा नेम नसायचा. आली की माणूस हातातला घास टाकून स्टार्टरकडे धावायचा, कारण जेवढा वेळ लाइट तेवढंच पाणी. माझा नवरा रत्नाकर त्या सकाळी विहिरीत उतरला होता. मोटरची वायर तुटली होती, लाइट नाही तोवर जोडून घेऊ म्हणाला. त्याच्या आधी दोघा भावांचं पाण्याच्या पाळीवरून कडाक्याचं वाजलं होतं. नाथा सकाळीच पिऊन आलेला. भांडून तो बांधाकडे गेला, परत आला, मोटरच्या शेडपाशी पोचला आणि तेवढ्यात लाइट आली. त्याने कळ दाबली. रत्नाकर कमरेएवढ्या पाण्यात उभा होता.

मी बालवाडीत मुलांना खिचडी वाढत होते. मला बोलवायला आलेल्या बाईने नुसता माझा हात धरला.

फौजदार आला तेव्हा त्याने आत्याबाईंना विचारलं की भाऊ विहिरीत आहे हे नाथाला माहीत होतं का. त्या डोक्यावर पदर घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "नाय साहेब. त्याला माहीत नव्हतं." गावानेही माना डोलावल्या. लाइट आल्यावर न बघता कळ दाबली नाही असा गडी त्या पंचक्रोशीत सापडला नसता. अपघात म्हणून नोंद झाली. रत्नाकरला माती दिली त्याच दिवशी नाथा गाव सोडून गेला.

पुढे परात आमच्या घरी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की ती कोरडीच पुढे जाणार. कुणी नावं ठेवली नसती. पण आत्याबाईंनी फडकं काढलं, पीठ घेतलं आणि मळायला बसल्या. डोळ्यांतून एक टिपूस न काढता त्यांनी पोळ्या लाटल्या. त्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात त्यांचं नाव घेतलं, बायका हुंदके देऊन रडल्या. मला वाटलं, ही आई आहे की दगड? एक मुलगा गेला तर दुसऱ्याला मनातल्या मनात पोटाशी धरून मोकळी झाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सोडून देणं त्यांना सोपं होतं. माझे ना दात होते ना ओठ. आम्हाला मूलही नव्हतं.

मी देवाशी खोटं बोलले नाही. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की मी तोंड मिटून घ्यायचे. प्रभुभोजनाचं ताट माझ्यापर्यंत आलं की त्याला हात न लावता पुढच्या बाईकडे सरकवायचे. आत्याबाई पहिल्या बाकावर बसायच्या. हातात तुकडा घ्यायच्या, पदर पुढे ओढून मान खाली घालायच्या आणि कितीतरी वेळ तशाच बसायच्या. बायका कुजबुजायच्या, सासू मेणाहून मऊ आणि सून मेली दगड. मलाही ते पटत चाललं होतं.

बालवाडीची वाट त्या शाळेवरूनच जायची. पाळकसाहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मान वळवायची नाही असं ठरवूनच निघाले होते. पण वास आला. खिडकीला दार नव्हतं. आत नाथा सतरंजीवर पडला होता. हातापायांच्या काड्या झालेल्या, पोट तेवढं फुगलेलं, डोळे हळदीसारखे. पाण्याचा तांब्या हातभर लांब होता आणि नाथाचा हात तिथवर पोचत नव्हता. अंगाखालची चादर घाण झाली होती. पाळकीणबाई दोन वेळा चहा पाठवायच्या, पण चादर कोण धुणार?

त्याने मला बघितलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. लाज वाटली असावी त्याला.

मी आत जाऊन तांब्या जवळ सरकवला. मग चादर ओढून घेतली आणि शाळेच्या हौदावर धुतली. यात पुण्य वगैरे काही नव्हतं. घाण दिसली की माझा हात थांबत नाही, मग ती कुणाची का असेना. चादर पिळताना माझा राग जागच्या जागी होता. दुसऱ्या दिवशी परत गेले, परत तेच. त्याला ओल्या फडक्याने पुसून काढलं, कूस बदलून दिली, चार चमचे पेज घातली.

शनिवारी दुपारी दोरीवर चादर टाकताना मला पहिल्यांदा वाटलं की पुरे झालं. हा आत पडलाय तो एक दारुडा, बिनडोक माणूस. लाइट आली तसा धावला, सगळे धावतात तसा. त्याची चूक माझ्या आयुष्यावर पडली, पण चूकच ती. चूक सोडता येते. मला रडू आलं आणि त्या रडण्याने हलकं वाटलं. उद्या प्रभुभोजन होतं. उद्या ताट आलं तर कदाचित मी तुकडा उचलीन, असंही मनात येऊन गेलं.

घरी आले तर आत्याबाई परातीसमोर बसल्या होत्या. फडकं काढलेलं नव्हतं. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी मनुका भिजत घातल्या नव्हत्या, पिठाचा डबा जागचा हलला नव्हता.

मी म्हटलं, "आत्या, भावजींना घरी आणू या. मी पाळकसाहेबांना सांगून येते. ओसरीवर खाट टाकू."

"नाय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. परत सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"तो या उंबऱ्याच्या आत यायचा नाय. मी हाये तोवर नाय."

मग माझा तोल गेला. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, तुमच्या भांड्यांनी आणि कंदिलांनी माझा जीव खाल्ला. उठल्याबसल्या मला सुनावलंत, साऱ्या वस्तीसमोर मला दगड केलंत, आणि आता मी वाकायला तयार झाले तर तुम्ही ताठ? ती सगळी बोलाचीच कढी होती का? मला धडे देताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?

त्या ऐकून घेत राहिल्या. मी दमून थांबले तेव्हा उठल्या, भिंतीला धरून धरून उतरंडीपाशी गेल्या आणि मागून एक पत्र्याची डबी काढून आणली. लहानशी, पूर्वी बिस्किटं यायची तसली. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. त्यांनी ते पदराने धरून काढलं आणि डबी माझ्यापुढे ठेवली.

आत पोळीचे वाळलेले तुकडे होते. नखाएवढे, दगडासारखे कडक, काही काळे पडलेले, काहींना कीड लागून भोकं पडलेली. डबी गळ्यापर्यंत भरली होती. मला क्षणभर काही कळेना. मग त्यातला एक तुकडा ओळखू आला. पांढराशुभ्र, अगदी अलीकडचा, साळव्यांच्या सुनेने केलेल्या पातळ पोळीचा. तो मागच्या प्रभुभोजनाचा होता.

"खाल्ला नाय कधी," आत्याबाई म्हणाल्या. "रत्ना गेल्यापासून एकदाबी नाय. मनात इख ठेवून प्रभूचं अंग खायचं म्हंजे आपल्याच हातानं दंड ओढवून घ्यायचा. आणि टाकून तरी कुठं देऊ? कोंबड्यांना घालू?"

"मग घेत कशाला होता? माझ्यासारखं ताट पुढं सरकवायचं."

"तू सरकवलंस. तू बरी. तुला कुणी इचारलं नाय, सगळ्यांना ठाव व्हतं का ते. मी सरकवलं असतं तर इचारलं असतं, हन्नाबाई, अपघात झाला म्हंता, मग पोरावर राग कसला?"

त्या खाली बसल्या. दोन्ही गुडघे हातांनी धरले.

"मी त्याला सांगितलं व्हतं, सुवार्ता."

"काय सांगितलं होतं?"

"भांडून बांधाकडं गेला आन् परत आला. तवा मी दारात जोंधळं पाखडत व्हते. म्या म्हटलं, नाथा, रत्ना हिरीत उतरलाय, मोटरीला हात लावू नको. तो थांबला. माझ्याकडं बघितलं. 'बरं' म्हणला. आन् शेडात गेला."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मला तिचाच आवाज ऐकू येत होता.

"एक मातीत गेला व्हता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला फासावर द्यायला तोंड उघडलं नाय माझं. खोटं बोलले. आन् एकदा खोटं बोलल्यावर रागवायचीबी सोय राहिली नाय. परात आली, मळली. तुकडा आला, मुठीत धरला. तुला वाटायचं मी तुला शिकवते. तुला नव्हते गं सांगत. तुला कशाला सांगू, तुझं बरोबरच व्हतं. मला सांगत व्हते. रोज उठून मलाच सांगत व्हते. भांडं घासताना सांगितलं, चूल सारवताना सांगितलं. एक दिवस तरी आत शिरंल म्हणून. नाय शिरलं."

मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला, परात उचलली आणि बाहेर पडल्या. दुखऱ्या पायांनी, भर दुपारी, वस्तीच्या मधल्या रस्त्याने. ओट्यावर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिलेल्या मी दारातून बघितल्या. ज्या हन्नाबाईंच्या क्षमेवर उपदेश झाले होते त्यांच्या हातात कोरडी परात होती. साळव्यांच्या दारात त्यांनी ती सुनेच्या हातात दिली आणि परत फिरल्या. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

चुलीवर मी नाथासाठी पेज ठेवली होती, ती शिजून घट्ट झाली होती. मी तिच्याकडे बघत बसले. जे मी दुपारी सोडलं होतं ते हे नव्हतंच. मी एक चूक सोडली होती. ते सोडून हलकी झाले होते, देवाचे आभारही मानले होते. आता समोर दुसरंच काही येऊन बसलं होतं, आणि त्याला सोडायला माझ्यात काही उरलं नव्हतं. पेज कुत्र्याला घालावी असं वाटलं. उठून मी भांड्याला फडकं गुंडाळलं आणि शाळेची वाट धरली. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, असं म्हणू.

दिवस कलायला आला होता. नाथाने पावलं ओळखली नाहीत.

"आई?" तो म्हणाला.

"मी आहे," मी म्हटलं. जवळ बसले. पेज कालवली, पण चमचा उचलला नाही. "भावजी, आत्यांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

कशाबद्दल, असं त्याने विचारलं नाही. पिवळे डोळे छताला लावले. मग म्हणाला, "सांगितलं होतं."

"मग?"

"राग लय होता, वहिनी. डोकं जाळत होतं. शेडात गेलो, लाइट आली, दिवा पेटला, हात गेला." त्याला दम लागला. "इसरलो का ध्यानात असून दाबली, मलाच समजत नाय. रोज त्या शेडात जातो. रोज कळ दाबतो. कवा वाटतं इसरलो व्हतो. कवा वाटतं नाय. तुम्हीच सांगा काय ते. तुम्ही म्हणाल ते खरं मानतो."

त्याला हवं होतं ते माझ्यापाशी नव्हतं आणि मला हवं होतं ते त्याच्यापाशी नव्हतं. वाटीत पेज होती. मी ती चमच्या चमच्याने भरवली. क्षमा केली म्हणून नव्हे. वाटी रिकामी करून घरी न्यायची होती, आणि त्याचं तोंड उघडं होतं. शेवटी त्याच्या हनुवटीवरचं ओघळलेलं पुसलं.

निघताना त्याने परत विचारलं, आई येईल का. मी म्हटलं, सांगते त्यांना. आणि सांगितलं, घरी जाऊन, शब्दाला शब्द. त्याने जे जे म्हटलं ते सगळं. आत्याबाईंची पाठ माझ्याकडे होती. ती हलली नाही.

सकाळी चर्चची घंटा झाली. त्या उठल्या, आंघोळ केली, पांढरं लुगडं नेसल्या. मला वाटलं चर्चला निघाल्या. पण त्या शाळेच्या दिशेला वळल्या, मी मागून गेले. त्यांना चालवत नव्हतं, पण मी हात पुढे केला तर त्यांनी झिडकारला. चर्चमध्ये गाणं सुरू झालेलं ऐकू येत होतं. खोलीच्या दारात पाळकीणबाई उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

आत्याबाई आत गेल्या. त्याच्याजवळ बसल्या, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. कपाळ गार होऊन गेलं होतं. त्या रडल्या नाहीत. फक्त एकदा, अगदी हलक्या आवाजात, त्याला म्हणाल्या, "चालवत नव्हतं रे."

दुपारी माती झाली. रत्नाकरच्या शेजारीच जागा होती, तिथेच. मंडळीतले लोक आले, पण कुणी आमच्याजवळ फार थांबलं नाही. कोरड्या परातीचं सगळ्यांना कळलं होतं. त्याचं कारण मात्र कुणाला कळलं नाही, आणि आजपर्यंत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आत्याबाईही गेल्या आता. त्यांना जाऊनही फार वर्षं झाली.

स्मशानातून आल्यावर मी हातपाय धुतले आणि मागच्या दारी भांडी घ्यायला गेले. काय करणार, भांडी तशीच पडली होती. दुधाचं पातेलं पाणी घालून ठेवलेलं तिथेच होतं. बोट लावलं तर तळाचं काळं साल सुटून वर आलं. पातेल्यावर तपकिरी गोल डाग मात्र राहिला, तो पुढेही कधी गेला नाही.

मागे चाहूल लागली म्हणून वळले. आत्याबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मांडीवर पितळेचं वाडगं होतं. डबीतले सगळे तुकडे त्यांनी त्यात टाकले होते आणि वरून पाणी घातलं होतं. पाणी गढूळ झालं होतं, वर किडे तरंगत होते. ते त्यांनी बोटाने बाजूला केले. मग एक तुकडा उचलला आणि तोंडात घातला. दात थोडेच राहिले होते, त्यांनी तो हिरडीने दाबला, कितीतरी वेळ चघळला आणि गिळला. मग दुसरा उचलला.

मी पातेलं हातात धरून उभी होते. वाटलं, आता म्हणतील काहीतरी. भिजल्याबद्दल, सुटण्याबद्दल. त्यांनी काही म्हटलं नाही. त्या दिवसानंतर त्यांनी कधीच कुठल्या भांड्यातून, कुठल्या केरातून काही सांगितलं नाही. घर एकदम मुकं झालं.

बरेच तुकडे संपल्यावर त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं आणि वाडगं माझ्या बाजूला सरकवलं. बळजबरी नव्हती त्यात. सरकवलं आणि हात मागे घेतला, मी ताट पुढे सरकवायचे तसा.

मी पातेलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. त्यांच्या शेजारी उंबऱ्यात बसले आणि वाडग्यातला एक तुकडा उचलून तोंडात घातला. वरून तो लगदा झाला होता. दात लावला तर मधे अजून कडकच होता.